उलंगवाडी आणि सतरा दिवसांचा हिशेब

उलंगवाडी झाली की विदर्भातल्या राळेगावकडचं वावर काही दिवस सगळ्यांचं होतं. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते, पऱ्हाटीवर चार-दोन कवड्या लटकत असतात, पानं लालसर पडून गळायला लागतात आणि पावसाळ्यापासून धुऱ्यावरून हाकलून लावलेली जनावरं आत शिरतात. आधी गावची गुरं, मग शेळ्या, आणि मग वडकीच्या बाजूने हमरस्ता ओलांडून आलेले मेंढरांचे कळप. दिवसभर पऱ्हाटी खुडायची, रात्री त्याच वावरात बसायचं. पहाटे कळप उठतो तेव्हा मागे लेंड्यांचा थर आणि मुताने ओली झालेली काळी माती राहते. शेतकरी त्याचा मोबदला देतो, कधी रोख, कधी ज्वारी-गहू. मेंढ्या बसवण्याचा हा व्यवहार युरियाच्या पोत्यापेक्षा कितीतरी जुना आहे.

कळपाच्या मागून चालणारा माणूस मात्र नीट पाहावा. खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या खोळीत रात्री जन्मलेलं कोकरू. नाळ अजून वाळलेली नाही, अंगावरची लोकर चिकट, डोळे अर्धे मिटलेले. मागून त्याची आई ओरडत येते, दर दहा पावलांवर थांबते, वास घेते, पुन्हा चालते. कळपाला आज पुढचा मुक्काम गाठायचा आहे आणि कोकराला अजून धड उभं राहता येत नाही. असं एखादं कोकरू असेल तर खांद्यावर निभतं. पण रोज दोन-तीन जन्मू लागली आणि पाच-सहा महिने जन्मतच राहिली, तर खांदे पुरत नाहीत, घोडं पुरत नाही, कच्छहून येणाऱ्या रबाऱ्यांचा उंटही पुरत नाही. काही कोकरं वाटेवर जातात.

म्हणून मेंढपाळाला पिढ्यान्पिढ्या एक गोष्ट हवी आहे: मेंढ्या एकदम व्याव्यात. दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकावा, रात्री जागाव्यात, कोकरं पायावर उभी करावीत आणि मग सगळा कळप एका चालीने पुढे निघावा. विसाव्या शतकात प्रयोगशाळांनी हीच गोष्ट संप्रेरकांच्या जोरावर साधली. त्यासाठीच्या स्पंजची आणि इंजेक्शनची कहाणी सांगायची तर ती या खोळीतल्या कोकरापासूनच सुरू करायला हवी.

मेंढीचं ऋतुचक्र सरासरी १७ दिवसांचं असतं. माज टिकतो २४ ते ३६ तास, आणि गायीसारखा तो ऐकू येत नाही की सहज दिसत नाही. मेंढी मेंढ्याच्या जवळ जाते, शेपटी हलवते, थांबते, एवढंच. शंभर मेंढ्या आपापल्या चक्राने चालत असतील तर रोज सरासरी सहाच माजावर येतात. त्या सहा कोणत्या हे मेंढ्याला कळतं, माणसाला सहसा कळत नाही. पुढे गाभणकाळ सुमारे १५० दिवस. मेंढा बारा महिने कळपात मोकळा राहिला तर कोकरंही वर्षभर येत राहणार, वैशाखाच्या उन्हात आणि श्रावणाच्या चिखलातही.

दख्खनी मेंढीच्या बाबतीत या गोंधळाला पहिली शिस्त पावसाने लावली. उन्हाळ्यात मेंढ्या हाडाला लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच माजावरच येत नाहीत. मृगाच्या सरी पडतात, कोवळं गवत फुटतं, दोन-तीन आठवड्यांत अंग भरतं आणि कळपात एकाएकी गडबड सुरू होते. जून-जुलैत भरलेल्या मेंढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात. दुसरी, लहान खेप मार्च-एप्रिलची. सुगीनंतरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊन ज्या सावरतात, त्या तेव्हा भरतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात वितात. पोट भरलं की बीजकोष जागे होतात, हे आज कुठल्याही पशुप्रजननाच्या पुस्तकात सापडतं. मेंढपाळाने ते पुस्तकाआधी कळपात पाहिलं होतं.

युरोपातल्या मेंढीचं घड्याळ वेगळं आहे आणि हा फरक इथे फार महत्त्वाचा आहे. लंडनच्या अक्षांशावर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत जवळजवळ नऊ तासांचं अंतर असतं. तिथली मेंढी दिवस आखूड व्हायला लागले की माजावर येते आणि वसंतात, गवताच्या वेळी विते. उरलेले महिने ती माजावर येतच नाही. राळेगावला हेच अंतर अडीच तासांच्या आसपास. इथल्या मेंढीला उजेडाचा असा कडक हुकूम नाही. चारा-पाणी असेल तर ती कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकते. म्हणजे थंड देशांत संप्रेरकांकडून जे पहिलं काम हवं होतं, अवेळी माज आणायचं, ते दख्खनमध्ये बहुतेक वेळा गरजेचंच नव्हतं. इथली गरज होती विखुरलेला माज एका मुठीत आणण्याची.

त्यासाठीची एक चावी मेंढ्याच्याच अंगात असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मेरिनो मेंढ्यांवरचं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. मेंढा काही काळ कळपापासून दूर ठेवून मग अचानक आत सोडला तर माजावर नसलेल्या मेंढ्याही ठरावीक दिवसांनी एकगठ्ठा माजावर येतात. मेंढ्याच्या लोकरीचा आणि कातडीचा वास, त्याचं दिसणं, त्याचं वागणं या सगळ्यामुळे मेंढीच्या मेंदूतून संप्रेरकांचा एक झोत सुटतो. पहिला बीजमोक्ष मुका जातो, माज दिसत नाही. खरा माज पुढे अठरा-वीस दिवसांनी आणि काहींत पंचविसाव्या दिवसाच्या आसपास उमटतो. मात्र मेंढा सदा डोळ्यांसमोर असेल तर त्याच्या येण्याची किंमतच उरत नाही. तो किमान महिनाभर दिसू नये, ऐकू येऊ नये, त्याचा वासही येऊ नये. नर वेगळे राखून हंगामाला सोडायची रीत मेंढ्या पाळणाऱ्या अनेक समाजांत फार पूर्वीपासून आहे. औषधाचा एक थेंबही न वापरता होणारं हे नियोजन आहे, आणि त्याची म्हणावी तेवढी कदर झालेली नाही.

आता प्रयोगशाळेकडे. कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या दोघांना १९३० साली गाभण घोडीच्या रक्तात एक असं द्रव्य सापडलं जे दुसऱ्या जनावराच्या बीजकोषात बीजं वाढवतं. १९३४ साली प्रोजेस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आलं; त्या वर्षी निरनिराळ्या प्रयोगशाळा जवळजवळ एकाच वेळी तिथवर पोचल्या. बीजमोक्षानंतर बीजकोषावर जो पिवळा पिंड तयार होतो तो हे संप्रेरक सोडतो आणि ते रक्तात आहे तोवर पुढचा माज अडून राहतो. मेंढीच्या १७ दिवसांपैकी सुमारे १४ दिवस राज्य या पिवळ्या पिंडाचं असतं. युक्ती इथेच सुचली. सगळ्या मेंढ्यांना बाहेरून प्रोजेस्टेरॉन देत राहायचं आणि एका दिवशी सगळ्यांचं एकदम बंद करायचं. १९४८ साली अमेरिकेत डट आणि कॅसिडा यांनी ते करून दाखवलं, पण रोज इंजेक्शन टोचून. संशोधनाच्या गोठ्यात ते चाललं. हजारो मेंढ्यांच्या कळपात ते कोण करणार?

उत्तर सिडनी विद्यापीठातल्या टेरेन्स रॉबिन्सन यांनी काढलं, आणि ते इतकं साधं होतं की आजही बघताना नवल वाटतं. फोमचा, अंगठ्यापेक्षा थोडा जाड एक तुकडा. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम संप्रेरक, ३०-४० किंवा ६० मिलिग्रॅम, जसं औषध तसं. तुकड्याला एक दोरा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर या स्पंजचे प्रयोग प्रसिद्ध झाले, १९६७ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि काही वर्षांतच स्पंज फ्रान्सपासून न्यूझीलंडपर्यंत पोचला.

काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक जण मेंढी मानेशी धरतो. दुसरा तिचं मागचं अंग जंतुनाशकाने पुसतो, प्लास्टिकच्या नळीत दाबून बसवलेला स्पंज योनिमार्गात सरकवतो आणि दांड्याने पुढे ढकलून नळी ओढून घेतो. दोरा दोन बोटं बाहेर लोंबत राहतो. पुढे बारा ते चौदा दिवस मेंढी चरते, बसते, चालते. मग दोरा ओढायचा. स्पंजबरोबर साचलेला स्राव भसकन बाहेर येतो, वास उग्र असतो, आणि पहिल्यांदा पाहणारा मेंढपाळ घाबरतो; ते बहुतेक वेळा दोन दिवसांत आपोआप निवळतं. स्पंज काढतानाच घोडीच्या रक्तातून काढलेल्या त्या द्रव्याचं, ईसीजीचं, इंजेक्शन देतात. छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांत बहुतेक सगळ्या मेंढ्या माजावर. जो माज सतरा दिवसांत विखुरला असता तो दीड दिवसात गोळा होतो.

दुसरा मार्ग प्रोस्टाग्लॅंडिनचा. त्याच्या इंजेक्शनने पिवळा पिंड विरघळतो आणि माज लवकर येतो. पण पिंड पुरेसा तयार झालेला असेल तरच ते लागू पडतं, म्हणून नऊ ते अकरा दिवसांच्या अंतराने दोनदा टोचावं लागतं. आणि कळपात एखादी मेंढी आधीच गाभण असेल तर तिचा गाभ पडतो. बारमाही मेंढा सोबत बाळगणाऱ्या कळपात कोण गाभण आणि कोण नाही हे कुणी छातीठोक सांगत नाही, तेव्हा या औषधाने नफ्याआधी नुकसान व्हायचं.

घोडीच्या रक्ताबद्दलही बोलायला हवं. हे द्रव्य घोडीच्या गाभणपणाच्या साधारण चाळीसाव्या दिवसापासून काही आठवडेच रक्तात भरपूर असतं, त्यामुळे त्या काळात तिचं रक्त वारंवार काढलं जातं. दक्षिण अमेरिकेतल्या अशा घोड्यांच्या हालांवरून युरोपात गेल्या दशकात मोठा वाद झाला. राळेगावच्या वावरातल्या मेंढीचा माज आणि अर्जेंटिना-उरुग्वेतली घोडी यांचा संबंध सहजी डोळ्यांपुढे येत नाही, पण तो आहे, आणि स्पंज वापरणाऱ्याला तो माहीत असावा.

भारतात हे तंत्र आलं ते मुख्यतः राजस्थानातून. टोंक जिल्ह्यात मालपुऱ्याजवळ १९६२ साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. त्या जागेचं नावच अविकानगर पडलं, अविका म्हणजे मेंढी. परदेशी स्पंज महाग पडतो म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी देशी स्पंज तयार केला, 'अविकेसिल-एस'. स्पंजचा त्यांना हवा असलेला खरा उपयोग होता कृत्रिम रेतनासाठी. गाव गाठायचं, एकाच दिवशी शंभर मेंढ्या माजावर आणायच्या, चांगल्या मेंढ्याचं थंड ठेवलेलं ताजं वीर्य त्याच दिवशी वापरायचं आणि परतायचं. गायीसारखी गोठवलेल्या वीर्याची कांडी मेंढीला सहज चालत नाही, कारण मेंढीच्या गर्भाशयाच्या मुखात वळ्यांमागून वळ्या असतात आणि नळी आतपर्यंत जातच नाही. मुखाबाहेर सोडलेल्या गोठवलेल्या वीर्याने गाभ राहण्याचं प्रमाण फारच कमी पडतं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात दुर्बिणीने पोटातून थेट गर्भाशयात वीर्य सोडण्याची पद्धत निघाली, पण ती शस्त्रक्रियाच आहे. झाडाखाली करायचं काम नव्हे.

महाराष्ट्रात मेंढीच्या प्रजननावरचं सगळ्यात धाडसी काम फलटणला झालं. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला एकच कोकरू देणारी. निंबकरांची नजर गेली बंगालच्या सुंदरबनातल्या गारोल मेंढीकडे. ती चणीने इतकी लहान की पूर्ण वाढूनही वजन दहा-पंधरा किलोच्या आसपास, पण जुळी-तिळी सहज देणारी. १९९०च्या दशकात गारोल फलटणला आल्या आणि चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली संकराचा लांब पल्ल्याचा कार्यक्रम सुरू झाला. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यात सोबत होते.

या गारोलची गोष्ट इतिहासाच्या माणसालाही खिळवून ठेवेल अशी आहे. ऑस्ट्रेलियात बुरुला नावाच्या मेरिनो मेंढ्या जुळ्या-तिळ्यांसाठी प्रसिद्ध होत्या. तिथल्या शास्त्रज्ञ हेलन न्यूटन टर्नर यांनी कागदपत्रं चाळून अंदाज बांधला की १७९२-९३च्या सुमाराला कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या बंगाली मेंढ्यांचं रक्त त्यांच्यात असावं. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी त्या गुणामागचं जनुक शोधलं आणि पाठोपाठ तपासणीत गारोलमध्येही तोच बदल सापडला. सुंदरबनातून सिडनीला गेलेला गुण दोनशे वर्षांनी फलटणच्या माळावर दख्खनी मेंढीत उतरला. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढ्यांत दहा वेतांमागे साधारण चार-पाच कोकरं जास्त मिळतात. दख्खनी, बन्नूर, गारोल आणि अवासी यांच्या मिश्रणातून जी मेंढी घडवली तिचं नाव 'नारी सुवर्णा'. अविकानगरनेही गारोल, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या मिश्रणातून 'अविशान' घडवली.

जुळी आली की वेळेचा प्रश्न दुप्पट टोकदार होतो. एक कोकरू अवेळी जन्मलं तर आईच्या हाडातून दूध निघतं. दोन जन्मली तर एक मरतं. फलटणच्या कामाचा मोठा धडा हाच आहे: जनुकाने वाढवलेली संख्या चारा, लसीकरण आणि वेताची वेळ सांभाळली तरच हाती राहते. संप्रेरकं किंवा जनुकं विकणाऱ्याने हे आधी सांगावं.

हे सगळं विदर्भाच्या कापूसपट्ट्यात कुठे बसतं? १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५, जगाची कापसाची पेठ उलटीपालटी केली आणि वऱ्हाड-नागपूरसाठी कॉटन कमिशनर नेमण्यात आला. हॅरी रिव्हेट-कार्नाक यांचं नाव त्या खात्याशी जोडलेलं आहे. हिंगणघाट ही तर कापसाच्या एका जातीचीच ओळख होती. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर पडीत मोडून पऱ्हाटी पेरली गेली, जंगलं राखीव झाली आणि चराई आक्रसली. मेंढपाळाकडे उरलं ते दुसऱ्याचं वावर, तेही पीक निघाल्यावर. त्याचं वर्ष तेव्हापासून कापसाच्या वर्षाला बांधलं गेलं. कुरमार असोत, धनगर असोत की पुढे आलेले रबारी, उलंगवाडीची तारीख त्यांच्यासाठी पंचांगाइतकी पक्की झाली.

कळपाचं अर्थकारणही बदललं. काळ्या लोकरीची घोंगडी हे एके काळी मेंढीचं हुकमी उत्पन्न. मधल्या काळात सरकारने मेरिनो आणि रॅम्बुले मेंढे आणून दख्खनीची लोकर मऊ आणि पांढरी करण्याचे प्रयोग केले. मागणी मात्र लोकरीची राहिलीच नाही; बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरीही सुटत नाही. १९७८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं विदर्भातही आहेत, अमरावती जिल्ह्यात पोहरा आणि नागपूर जिल्ह्यात बोंद्री, आणि तिथला भर आता मांसाच्या जनावरावर आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. त्या विकल्या जातात वजनावर, आणि वजन ठरतं जन्माच्या महिन्यावर.

बाजाराचा सगळ्यात मोठा दिवस बकरी ईदचा. मागणी जास्त बोकडाला, पण भरदार मेंढ्यालाही त्या आठवड्यात जी किंमत येते ती एरवी येत नाही. मात्र ईद चांद्र वर्षाने चालते आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. पाऊस आपल्या जागी राहतो. २०१६ साली ईद १३ सप्टेंबरला होती. त्या दिवशी वर्षाचा मेंढा हवा तर तो सप्टेंबर २०१५ मध्ये जन्मायला हवा, म्हणजे आई एप्रिलच्या मध्यावर भरायला हवी: नेमका बाभळीच्या शेंगांचा हंगाम. २०२५ साली ईद ७ जूनला आली. वर्षाचा मेंढा हवा तर आई जानेवारी २०२४च्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरायला हवी, जेव्हा कळपातल्या बहुतेक मेंढ्या नुकत्या व्यालेल्या, दूध पाजणाऱ्या असतात. पावसाच्या खेपेचं, नोव्हेंबरात जन्मलेलं कोकरू त्या ईदला जेमतेम साडेसहा महिन्यांचं भरलं. नऊ वर्षांत बाजार एका हंगामातून निसटून अशा महिन्यात गेला जिथे पाऊस आणि शेंगा काहीच मदत करत नाहीत. स्पंजचा उपयोग दख्खनच्या मेंढपाळाला खरा कुठे होईल असं विचारलं तर तो इथे. कळपाचा एक हिस्सा, ज्या मेंढ्या व्यालेल्या नाहीत आणि अंगाने बऱ्या आहेत त्या, बाजाराच्या तारखेला बांधून घ्यायचा. बाकीचा कळप पावसावर सोडायचा.

मात्र एक चूक टाळायला हवी. २०१७ साली राज्याने राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू केली: २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदानावर. त्या वीसही मेंढ्यांना एका दिवशी स्पंज घालून एका दिवशी काढला तर वीसच्या वीस दीड दिवसात माजावर येतील आणि एकटा मेंढा त्यांना पुरा पडणार नाही. स्पंज वापरलेल्या कळपात पाच ते दहा मेंढ्यांमागे एक नर लागतो. तेव्हा पाच-पाचच्या तुकड्या करून तीन-तीन दिवसांच्या अंतराने स्पंज घालावेत, शेजारचे दोन मेंढे चार दिवसांसाठी आणावेत, किंवा रेतनाची सोय असेल तरच एकगठ्ठा काम करावं. छातीला गेरू फासलेला मेंढा सोडला तर कोणती मेंढी भरली ते तिच्या पाठीवरच्या तांबड्या खुणेवरून संध्याकाळी मोजता येतं. गेरू दहा रुपयांचा, माहिती लाखमोलाची.

चालत्या कळपासाठी स्पंजची अडचण वेगळी आहे. चौदा दिवसांनी दोरा ओढायला डॉक्टर कुठे भेटणार? घातला राळेगावला आणि काढायचा दिवस आला तेव्हा कळप नदी ओलांडून हिंगणघाटच्या अंगाला गेलेला. विसरलेला स्पंज आत सडतो. अशा कळपांसाठी मेंढा वेगळा राखण्याची जुनी रीत, सोडण्याआधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना मूठभर भरड आणि शेंगांचा वाढीव खुराक, आणि पाचएक आठवड्यांनी मेंढा पुन्हा बाहेर, एवढं जरी नेटाने झालं तरी वेत महिना-सव्वा महिन्यात आटोपतं. पशुवैद्यकाने कळपाशी बोलताना सुरुवात इथून करावी, सुईवरून नव्हे.

उलंगवाडीही आता पूर्वीच्या जागी राहिलेली नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातलं कपाशीचं पीक पोखरून काढलं. त्यानंतर कृषी खातं दर वर्षी सांगतं: फरदड, म्हणजे तीच पऱ्हाटी राखून लांबवलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी संपवा आणि उरलेल्या पऱ्हाटीत मेंढ्या-शेळ्या सोडा, म्हणजे बोंडांतल्या अळ्या त्यांच्या पोटात जातील. पूर्वी माघ-फाल्गुनापर्यंत अडून राहणारं वावर, सल्ला पाळला तर, दोन महिने आधी मोकळं होतं. मेंढपाळाकडे अळीच्या बंदोबस्ताचा माणूस म्हणून पाहिलं जाण्याची ही पहिलीच वेळ असावी, आणि ती त्याच्या हक्काची जागा आहे.

जंगलाची बाजू मात्र अवघड झाली आहे. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. मेलेल्यांत गुराखी होते, शेतात राबणारी माणसं होती. जंगलकाठी मुक्काम करणाऱ्या कळपात व्याणारी मेंढी आणि तिचं ओलं कोकरू हे लांडगा, कोल्हा, बिबट्या सगळ्यांचं सोपं सावज असतं. अशा राती पंधरा असतील तर चार माणसं आळीपाळीने जागतात, शेकोटी ठेवतात, वाघर ताणून बांधतात. त्याच राती दीडशे असतील तर कुणी जागू शकत नाही.

मृग निघतो, पऱ्हाटीची टोबणी होते. महिनाभर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवलेला मेंढा, छातीला गेरू लावून, १ जुलैच्या सुमाराला कळपात परत येतो. त्या दिवशी भरलेली मेंढी २८ नोव्हेंबरच्या आसपास विते, वेचणी चालू असताना, गावाजवळच्या मुक्कामात. डिसेंबरअखेर वावर मोकळं होतं तेव्हा तिचं कोकरू महिन्याचं असतं आणि आईच्या मागे आपल्या पायांनी धुरा ओलांडून पऱ्हाटीत शिरतं.